डाव्या हाताचे देणे

दान करावे तर या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपल्याकडे सांगतात. ज्या कुणी हे प्रथम सांगितले त्याने घरी बसून स्वतःची नखे रंगवलेली नसावीत. तिथे या हाताचे त्या हाताला तर कळतेच, पण बघणाऱ्या चार जणांनाही कळते. उजव्या हाताने डाव्याची पाच नखे अशी सुबक रंगवलेली असतात की पार्लरवाल्या बाईंनी तोंडात बोट घालावे. मग उपकार फेडण्याची पाळी डाव्यावर येते आणि तो ब्रश घेऊन असा पुढे सरकतो, की जणू दिवाळीच्या आधी भिंतीला चुना मारायला आला आहे.

यात नैतिक प्रश्न कुठे आला, असे आपण म्हणाल. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. ‘घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा’ एवढे एकच उपनिषद माझे पाठ आहे. त्या हिशेबाने डाव्याच्या नावे एक अव्वल दर्जाची सेवा पडली आणि परतफेडीत त्याने दिली ती तिसऱ्या दर्जाची. मग कर्ज फिटले की नाही?

हा प्रश्न आमच्या घरात आला तो भाचीच्या लग्नाच्या आदल्या रविवारी. सौ. पार्लरमध्ये मॅनिक्युअरचा भाव विचारायला गेली आणि भावच ऐकून परत आली. “एवढ्यात आठवड्याचं दूध येतं. मी घरीच करते. पार्लरमध्ये काय जादू असते?”

जादू नसते हे खरेच. असतो तो क्रम, आणि क्रमाचे महत्त्व बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला सांगायला नको. आधी जुना रंग रिमूव्हरने काढायचा. मग कोरड्या नखांना फायलरने आकार द्यायचा, तोही एकाच दिशेने. करवतीसारखे पुढे-मागे केले की नखांच्या कडा फाटतात. त्यानंतर कोमट पाण्यात पाच मिनिटे बोटे. (पुष्कळ बायका आधी भिजवतात आणि मग घासतात. भिजलेले नख मऊ पडते, ते घासू नये.) नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते, ती काडीला कापूस गुंडाळून हलकेच मागे सारायची. कापायची नाही, कारण जंतूंना आत येऊ न देणारी ती राखणदार आहे. मग नखावरचा तेलाचा अंश पुसायचा, बेस कोट, रंगाचे दोन पातळ हात, वर टॉप कोट, आणि प्रत्येक हातानंतर थांबायचे. पार्लरमधल्या नखांची सारी सर या थांबण्यात आहे. घरी तेवढ्यात कुकरची शिट्टी होते.

पूर्वी नखांसाठी कुणी पैसे मोजत नसे. गावचा न्हावी बारा बलुतेदारांतला. तो नराणी घेऊन दारात यायचा, नखे काढायचा आणि सुगीला त्याचे धान्य घ्यायचा. मोबदला नेहमी पुरेसा मिळे असे नाही, पण देणे आहे हे तरी मान्य असे. पार्लरचे त्याहून सोपे: पैसे टाकले, पावती घेतली, खाते बंद. घरच्या सेवेला पावतीच नसते. तिथे खाते कधी बंदच होत नाही, की ते कधी उघडलेलेच नसते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

‘अहो, दोन्ही हात एकाच शरीराचे, त्यांच्यात कसला हिशेब?’ असे आमच्या शाखेतले एक सहकारी म्हणाले. ‘आपल्यात कसला हिशेब’ हे वाक्य मी आजवर फक्त देणेकऱ्याच्या तोंडून ऐकले आहे. डाव्या हाताचीच गोष्ट घ्या. कांदा चिरतो उजवा, पण बोट कापते डाव्याचे. सही करतो उजवा, पण कागद सरकू नये म्हणून दाबून धरतो डावा. ज्या कामाचा उल्लेख चारचौघांत करत नाहीत ते आयुष्यभर त्याने करायचे, आणि प्रसादाला मात्र पुढे यायचे नाही. त्याची आठवण ठेवली ती एका सरकारने. मतदानाची शाई लागते ती डाव्या तर्जनीला. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई वापरात आहे आणि ती म्हैसूरच्या कारखान्यात होते. हे नेलपॉलिश फुकट मिळते आणि रिमूव्हरला दाद देत नाही. नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, ते वाढून पुढे सरकेल तसाच डाग जातो. तात्पर्य, डावा हात कर्जदार नव्हेच, तोच जुना सावकार आहे. पाच वाकडी नखे हा त्याने दिलेला हप्ता नव्हे, वर दिलेली भेट आहे.

सौ.ने डाव्या हातावर मात्र विश्वास टाकला नाही. स्वतःचा डावा रंगवून झाल्यावर तिने उजवा माझ्यापुढे केला. “धरा. दिवसभर शिक्के मारता ना?” मी तो हात दिव्याखाली धरला. मनगटाजवळ तव्याचा जुना डाग, तर्जनीवर विळीच्या बारीक रेघा, अंगठ्याचे नख कडेला चिरलेले. लग्नात पाणिग्रहण होते तेव्हा नवऱ्याचे लक्ष भटजींकडे असते, हात कोण बघतो! मी मनातल्या मनात आकडेमोड केली. रोजच्या आठ पोळ्या धरल्या तर वर्षाच्या २,९२०, बावीस वर्षांच्या ६४,२४०. लीप वर्षे सोडून. आणि समोर पाच नखे, दोन कोट. अशा हप्त्यात मुद्दल सोडा, व्याजदेखील निघत नाही. शाखेत असा कर्जदार आला असता तर मी त्याला साहेबांच्या केबिनमध्ये पाठवले असते.

“हलवू नका,” ती म्हणाली. हलत होता तो माझाच हात.

मांडवात तिच्या मावसबहिणीने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. “डावा काय सुरेख झालाय गं! आणि हा उजवा असा का?”

“डावा घरी केला,” सौ. शांतपणे म्हणाली, “उजवा बाहेरून करून घेतला.”

लग्नाहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी रंगाचे टवके उडाले ते उजव्या हाताचे आधी. कणीक ती त्याच हाताने मळते. रविवारी जेवणे झाल्यावर तिने बाटली आणून माझ्या पेपरावर ठेवली आणि चष्मा पुसून दिला.