पासवर्ड आणि प्रमाद

नवीन जालन्यात दसऱ्याची पूजा आता तराजू, गाडी आणि कारखान्यातल्या यंत्रांपुरती उरलेली नाही. कुंडलिका ओलांडली की जुना जालना. अलीकडच्या या व्यापारी वस्तीत बियाणं, भुसार, लोखंड, कापड यांचे हिशेब घरातल्याच एखाद्या खोलीतल्या संगणकावर असतात. दसऱ्याला त्या कॅबिनेटवर हळदीकुंकवाची बोटं उमटतात, मॉनिटरला झेंडूची माळ पडते. त्याच कॅबिनेटच्या मागच्या जाळीवर धुळीचा जाड थर बसलेला असतो, पंखा घरघरत असतो आणि पडद्यावरची अपडेटची सूचना कित्येक महिने ‘नंतर’ म्हणून पुढे ढकललेली असते. यात ढोंग मुळीच नाही. पूजा मनापासूनच केलेली असते. पण पूजा आटोपली की त्या वस्तूबाबतचं कर्तव्य संपतं का? तिची निगा न राखणं ही नुसती ज्याची त्याची गैरसोय, की धर्माच्या भाषेत ज्याला दोष म्हणावं असं काही? मला तो दोष वाटतो, आणि तो यंत्राशी नव्हे, माणसांशी केलेला दोष वाटतो.

जालन्यात या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. गुरु गणेश तपोधामामुळे हे शहर स्थानकवासी जैनांचं श्रद्धास्थान आहे, आणि निष्काळजीपणाचा विचार जैन आचार्यांइतका बारकाईने क्वचितच कुणी केला असेल. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना द्वेष किंवा क्रोध हा शब्द वापरलाच नाही. प्रमादाने घडलेला प्राणघात म्हणजे हिंसा, असं ते सांगतात. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात. जीव मरो वा जगो, बेफिकीर वागणाऱ्याला हिंसेचा दोष लागतोच. आणि जो सावधपणे वागला त्याच्या हातून चुकून काही घडलं तरी तेवढ्याने त्याला कर्मबंध होत नाही. म्हणजे हिशेब परिणामाचा नाही, सावधपणाचा आहे. आजवर काही झालं नाही, हा बचाव या न्यायात टिकत नाही. उलट सगळी काळजी घेऊनही ज्याचं खातं रिकामं झालं, त्याला ‘तुझंच चुकलं’ म्हणून टोचणंही बसत नाही, आणि हे आपण फार वेळा करतो.

इथे पहिला आक्षेप येतो तो असा की संगणकात जीव कुठे आहे? फायली गेल्या तर नुकसान होईल, हिंसा कशी? आक्षेप रास्त आहे. फाईल पुसली जाणं ही हिंसा नव्हे. पण ती साखळी फायलीपाशी थांबत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती; असंख्य यंत्रांवर ती बसवलेलीच नव्हती. तो एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप शिरत गेला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द झाल्या, काही ठिकाणी तातडीचे रुग्ण दुसरीकडे न्यावे लागले. त्या दोन महिन्यांत अपडेट पुढे ढकलणाऱ्या कुणाच्याही मनात रोग्याचं वाईट करण्याचा विचार नव्हता. प्रमाद म्हणतात तो हाच.

‘ती रुग्णालयं होती, आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ हा दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. पण चोराला नेहमी आपलीच तिजोरी हवी असते असं नाही. पुष्कळदा त्याला आपलं यंत्र हवं असतं, दुसऱ्यावर चाल करायला. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने हजारो घरांतले कॅमेरे आणि राउटर असेच ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी अमेरिकेतल्या एका कंपनीवर इतका मारा केला की तिच्यावर विसंबलेल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. त्या उपकरणांचा कारखान्यात घातलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता, एवढंच निमित्त. मालकांना पत्ताही नव्हता. आणि ‘आमच्याकडे काही नाही’ हेही बहुधा खरं नसतं. घरी बसून चार दुकानांचे जीएसटी रिटर्न भरणाऱ्याच्या डेस्कटॉपवर कितीतरी पॅन कार्डं, आधारच्या प्रती, बँकेची स्टेटमेंटं पडलेली असतात. ती त्याची नाहीत. विश्वासाने त्याच्याकडे ठेवलेली आहेत. ठेव सांभाळणाऱ्याने ‘माझं काय जाणार’ असं म्हणून चालत नाही.

अर्थात गुन्हा हल्लेखोराचाच. प्रमादाचा विचार त्याचा एक कणही कमी करत नाही, आणि ज्या आजीला कुणी कधी काही समजावलंच नाही, तिच्या माथी दोष मारण्याचं तर कारणच नाही. जबाबदारी जाणतेपणानुसार वाढते: आजीच्या आधी ती घरातल्या त्या इंजिनीअर नातवाची, ज्याने सगळ्यांसाठी एकच ॲडमिन खातं उघडून दिलं आणि बॅकअपची हार्ड डिस्क कायमची यूएसबीला लावून ठेवली. खंडणीखोर व्हायरस आला तर ती डिस्कही तो त्याच झटक्यात कुलूपबंद करणार.

सगळ्यांत गंभीर आक्षेप मात्र वैराग्याच्या बाजूने येतो. सारं नाशवंत असताना फोटो, फायली, यंत्रं यांना एवढं जपायचं ही आसक्तीच नाही का? वाटतं तसं नाही. ज्याच्याकडे जवळजवळ काहीच नसतं तो जैन साधू दिवसातून दोनदा आपली वस्त्रं आणि पात्रं उलटसुलट करून तपासतो. त्याला पडिलेहण म्हणतात. वस्त्र टिकावं म्हणून नव्हे, घडीत दडलेला जीव चिरडू नये म्हणून. उत्तराध्ययनसूत्रात तर गप्पा मारत, लक्ष न देता केलेल्या पडिलेहणालाच जीवांची विराधना, म्हणजे हिंसा, म्हटलं आहे. (न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबणाऱ्यांसाठीच लिहिल्यासारखं.) याच जिल्ह्यातल्या जांबेत १६०८ मध्ये जन्मलेल्या आणि घर सोडून गेलेल्या समर्थ रामदासांनीही दासबोधात शाई, लेखणी, कागद आणि पोथीची निगा यांवर अख्खा समास खर्च केला. आसक्ती वस्तू जपण्यात नसते, ती वस्तू आपली म्हणून जपण्यात असते.

आता एक अडचणीची गोष्ट. असेंबल केलेल्या यंत्रावर फुकटातलं विंडोज टाकून देणं ही आपल्याकडे इतकी सवयीची बाब आहे की तिला कुणी चोरी म्हणत नाही. जैन श्रावकाच्या अचौर्य व्रतात मात्र चोरीचा माल घेणं हाही अतिचार, म्हणजे व्रताला लागणारा दोष, आहे. आणि इथे चोरीला प्रमादाची जोड आपोआपच मिळते: ‘क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना सोबत असते आणि माणसं ती निमूट पाळतात. दार उघडून देणारे आपणच. पैसे नसतील तर लिनक्स आणि लिब्रेऑफिस अधिकृतपणे फुकट मिळतात. पण टॅली आणि सवय या दोन कारणांनी ती वाट सोपी नाही, हे मान्य करायला हवं.

दोन धर्म एकमेकांच्या आड येतात ते मात्र यापुढे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पुष्कळ जुन्या यंत्रांत नसते. मग धडधाकट चालणारा संगणक भंगारात काढायचा? त्यातल्या शिशाने आणि पाऱ्याने कुणाची तरी जमीन नासवायची? अपरिग्रह सांगतो, आहे तेच वापर. अप्रमाद सांगतो, हे आता जाळ्यावर ठेवू नकोस. इथे गृहस्थाला साधूचं महाव्रत लागू करण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी अणुव्रतं आहेत, झेपेल तेवढी मर्यादा ठरवून ती नीट पाळण्याची. जुन्या यंत्रावर हिशेब खुशाल ठेवावेत, पण त्याची इंटरनेटची वायर काढावी; बँकेचे व्यवहार ज्याला अपडेट मिळतात अशाच यंत्रावरून करावेत; बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवावी. ठणठणीत यंत्राला म्हातारं ठरवणाऱ्या कंपनीच्या खात्यावरचा दोष यातल्या कशानेच पुसला जात नाही, आणि तो तसाच मांडलेला राहिला पाहिजे.