टंचाईचे ऋण

हरसूलच्या आसपासच्या पाड्यांवर पाऊस काही कमी पडत नाही. ज्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, तो याच त्र्यंबकेश्वर तालुक्यातला. तरीही उन्हाळा लागला की येथील बायकापोरींना हंडे घेऊन दूरच्या झऱ्याची वाट धरावी लागते. याच टापूतील सावरपाडा येथे १९८५ साली कविता राऊत यांचा जन्म झाला. पुढे नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली त्या घडल्या आणि ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव महाराष्ट्रभर दुमदुमले.

२०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. या स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत प्रीजा श्रीधरन यांनी हेच अंतर ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत कापले, कविता राऊत यांनी ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत. आधीचा राष्ट्रीय विक्रम दोघींनीही मागे टाकला. पण पंचवीस फेऱ्यांनंतर उरलेल्या एका सेकंदाहूनही कमी फरकाने विक्रम एकीच्याच नावावर लागला.

त्यांच्या यशाविषयी बोलताना आपण सारे एक वाक्य सहज उच्चारतो : पाण्यासाठी अनवाणी डोंगर चढली, म्हणून ती एवढी धावली. ऐकायला हे गौरवाचे वाटते. परंतु त्यातील ‘म्हणून’ या शब्दापाशी आम्हांला थबकावेसे वाटते. टंचाईनेच धावपटू घडत असते, तर प्रत्येक पाड्यावर पदके टांगलेली दिसली असती. त्याच वाटेने तोच हंडा वाहिलेल्या कितीतरी मुलींच्या वाट्याला मानदुखी आणि अर्धवट सुटलेली शाळा आली. त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. एका मुलीच्या यशाचे श्रेय आपण टंचाईला दिले, की बाकीच्यांची टंचाई आपल्याला सुसह्य वाटू लागते. त्यांची तिला, आपल्याला नव्हे!

कष्टाला पावित्र्य असते, असे आपली श्रद्धा सांगते, आणि ते आम्हांला मान्यच आहे. मात्र जो क्रूस माणूस स्वेच्छेने उचलतो तो निराळा, आणि व्यवस्थेने दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवलेला हंडा निराळा. दुसऱ्याला पहिल्याचे नाव देणे, हे उपदेशकांनाही फार सोपे जाते. दात्याने सोपविलेल्या धनाच्या दाखल्यात धन पुरून ठेवणाऱ्या चाकराची झडती होते. पण ज्याच्या हाती देणगी येण्यापूर्वीच कुणी ती मातीआड केली, त्याची झडती कोणी द्यायची?

संत पौलाने करिंथकरांना शर्यतीचे उदाहरण दिले, कारण त्यांच्या शहराजवळ इस्थमियन क्रीडा भरत आणि तेथे मिळणारी पानांची माळ सुकून जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आपल्याकडे टाळ्याही तशाच लवकर सुकतात. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत कविता राऊत यांनी मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा सत्कार झाले. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन त्यांनी २ तास ५९ मिनिटे २९ सेकंदांत पूर्ण केली. क्रमांक १२० वा. त्या बेचाळीस किलोमीटरविषयी आपल्या घरांत फारशी चर्चा झाल्याचे आम्हांला स्मरत नाही.