पोचा

इंग्रजांच्या वेळच्या लष्करी टोपांना हल्ली भाव आलाय. आमच्या सातारा भागात मोटारसायकलवरून माणसं फिरतात. समई, अडकित्ता, बिल्ले विचारतात आणि मग हळूच, "आजा पलटणीत हुता का?" मराठा पलटणींची भरती जिथं पिढ्यान्‌पिढ्या झाली, त्या मुलखात हा प्रश्न सहसा वाया जात नाही.

टोप दोन जातीचे. साहेबाचा तो सोला टोप. पाण्यात उगवणाऱ्या सोल्याच्या भेंडाचा, वर कापड ताणलेलं, हाताला फुलासारखा हलका. उन्हापासून डोकं वाचायचं आणि साहेब कोण ते लांबून कळायचं. गोळीपुढं मात्र त्याचा काही उपयोग नव्हता. दुसरा लोखंडी, उथळ पाटीला काठ असावा तसा. १९१५ साली ब्रॉडी नावाच्या माणसानं काढलेला हा घाट दुसऱ्या महायुद्धातही थोडाफार बदलून चालला.

आमच्याकडचा दुसऱ्या जातीचा. आजोबा इटलीत होते. टोप तिथून आणला की लढाईनंतर लिलावात घेतला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आजीनं आतली कातडी काढून तो परड्यात जमिनीत बसवला, कोंबड्यांच्या पाण्यासाठी. "लवंडत न्हाय," एवढंच तिचं कौतुक.

व्यापाऱ्यानं तो उपसून पालथा केला आणि पोच्यावर बोट ठेवलं. "गोळीचा असंल तर दुप्पट देतो." चुलतभावानं माझ्याकडं बघितलं. पोचा कोयनेच्या भूकंपातला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भिंतीचा दगड त्यावर पडला होता.

"कुणाला कळणाराय?" भाऊ कुजबुजला. खरंय, घेणाऱ्याला कळणार नव्हतं. पण मला माणगावातला यशवंत घाडगे यांचा पुतळा आठवला. १० जुलै १९४४ ला इटलीतच, तुकडीतले सगळे पडल्यावर, ते एकटे मशीनगनवर चालून गेले आणि मारले गेले. वय बावीस. गोळी खरी ज्यांना लागली, त्यांच्या वाट्याचं आपण विकायचं का?

त्याहून अवघड प्रश्न व्यापारी विचारतच नाही. आजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते, तेव्हा इकडं १९४३ पासून पत्री सरकार चाललं होतं. धाकटे आजोबा भूमिगतांना रात्री भाकरी पोचवायचे. ज्वारी यायची थोरल्यांच्या मनिऑर्डरीतून. आता यातला देशभक्त कोण? थोरले हिटलरशी लढले म्हणावं, तर भरतीच्या दिवशी त्यांना हिटलर ठाऊक नव्हता, पगार ठाऊक होता. गुलाम म्हणावं, तर त्या पगारावर दोन्ही चुली पेटत होत्या. मला दोघांतला एकही टाकवत नाही. गावात दोघांनाही कुणी नावं ठेवलेली ऐकली नाहीत. शहरातले पाहुणे मात्र पटकन निकाल देतात.

व्यापाऱ्याला मी भूकंपाचं सांगितलं. त्यानं भाव निम्मा केला. भाऊ दोन दिवस बोलला नाही. टोप सध्या पडवीत खुंटीला आहे. त्याला तेल लावावं की नको, यावर घरात अजून एकमत नाही, आणि कोंबड्यांना प्लास्टिकचं भांडं आणलंय, ते रोज लवंडतं.