चुलीजवळची जागा

घर कोणासाठी असते? त्यात राहणाऱ्यांसाठी की दाराशी येणाऱ्यांसाठीही? आयर्लंडमधील जुन्या ग्रामीण घरांची मांडणी पाहताना हा प्रश्न आमच्या मनात उभा राहिला.

दगडी भिंती, गवताने शाकारलेले छप्पर आणि दोन-तीन खोल्या, एवढेच ते घर. मधल्या स्वयंपाकघरात उघडी चूल असे. दलदलीतून कापून वाळवलेले पीट तिच्यात जळे. रात्री निखारे राखेखाली झाकताना गृहिणी पवित्र मरियेची आणि संत ब्रिजिडची प्रार्थना करी; सकाळी त्याच निखाऱ्यांतून विस्तव फुलवला जाई. दाराशी आशीर्वादित पाण्याचे पात्र, १ फेब्रुवारीच्या ब्रिजिडच्या सणासाठी विणलेला लव्हाळ्याचा क्रूस, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्यापुढे तांबडा दिवा. १९४६ पासून खेड्यांत वीज पोहोचू लागली, तेव्हा तेलाच्या दिव्याची जागा विजेच्या तांबड्या दिव्याने घेतली.

ह्या साऱ्यांत एक वस्तू आम्हांस विशेष बोलकी वाटते. ती म्हणजे ‘सेटल’. दिवसा तो पाठीचा लाकडी बाक. रात्री उघडला की त्याचा बिछाना होई. त्यात घरातील मुले झोपत आणि एखादा वाटसरू आला तर तोही. पाहुण्याला चुलीजवळची उबदार जागा देण्याची रीत होती. घर लहान होते, परंतु परक्याची सोय त्यात आधीच धरलेली होती.

म्हणून दारिद्र्याचे गोडवे गावेत काय? मुळीच नाही. १८४१ च्या जनगणनेत एका खोलीच्या मातीच्या झोपड्यांचा सर्वांत खालचा वर्ग नोंदला आहे. तेथे सेटलही कोठून असणार? १८४५ पासूनच्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. भाडे थकले म्हणून कित्येकांना घराबाहेर काढण्यात आले. ज्यांनी परक्याला चुलीशी बसवले असते, तेच स्वतः परके होऊन रस्त्यावर आले. आतिथ्य हा सद्गुण खरा, पण तो न्यायाची उणीव भरून काढू शकत नाही.

तरीही न्यायाची वाट पाहत दार लावून बसणे हेही उत्तर नव्हे. पवित्र हृदयाची तीच तसबीर आपल्याही घरांत आहे. आपल्या खोल्या वाढल्या, बैठका सजल्या. “मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले,” असे प्रभूने आपल्याला म्हणावे, अशी जागा त्या बैठकीत आपण कोठे राखली आहे?