दाद मागताना वकील कसा निवडावा?

डॉक्टरच्या निष्काळजीपणामुळे घरातील माणूस दगावला, तर दाद मागणे सब्रच्या विरुद्ध आहे काय? मुळीच नाही. सब्र म्हणजे अन्याय मुकाट्याने गिळणे नव्हे. क्षमा श्रेष्ठ खरी. परंतु ती पीडिताने स्वेच्छेने करावयाची असते, त्याच्यावर लादावयाची नसते. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा नुकसानीस जबाबदार आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे (अबू दाऊद).

आपल्या देशात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९९५ च्या निकालापासून ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे. मात्र केवळ उपचार निष्फळ ठरला म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले.

म्हणून ‘हमखास जिंकून देतो’ म्हणणाऱ्या वकिलापासून दूर राहावे. निकालावर अवलंबून फी ठरविणे वकिलांच्या नियमांतही निषिद्ध आहे. उपचाराची कागदपत्रे तपासून, तज्ज्ञाचे मत घेऊन, दावा लंगडा असल्यास तसे तोंडावर सांगणारा वकील शोधावा. वाक्चातुर्याने मिळविलेला दुसऱ्याचा हक्क हा आगीचा तुकडा होय, असा प्रेषितांचा (स.) इशारा आहे (बुखारी, मुस्लिम). न्यायाधीशाचा निकाल हरामला हलाल करीत नाही.

कुरआनने विश्वासघातक्यांची वकिली करण्यास मनाई केली आहे (४:१०५) आणि पुढे विचारले आहे की, कयामतच्या दिवशी त्यांची बाजू कोण मांडणार? (४:१०९) हा प्रश्न डॉक्टर, वकील आणि पक्षकार या तिघांनाही आहे.