जाड तेल



आज आपल्यापुढे एक प्रश्न ठेवतो. समोरच्याने विचारले नाही आणि आपण सांगितले नाही, तर ते खोटे बोलणे होते का? एकही असत्य शब्द तोंडातून गेला नसताना माणूस असत्याचा धनी होतो का? हा प्रश्न मला पोथीत नव्हे, माझ्या जुन्या डिझेल जीपच्या बॉनेटखाली भेटला.

जीप विकायला काढली होती. इंजिन तापले आणि गाडी उभी राहून स्लोवर चालू असली की आतून ‘ठक ठक’ असा जड ठोका येई. एका परिचिताने उपाय सांगितला, “आतले १५-४० चे तेल काढा, २०-५० चे जाड तेल भरा. ठोका बुजेल.” तसे केले आणि तो खरोखर बुजला. दोन दिवसांनी शेजारच्या गावचा एक तरुण गाडी पाहायला आला. घाटरस्त्याने प्रवासी नेण्यासाठी त्याला ती हवी होती. त्याने इंजिन चालू केले, कान दिला आणि म्हणाला, “आवाज गोड आहे, काका.” मी नुसता हसलो. त्याने काही विचारले नाही, मी काही सांगितले नाही. किंमत ठरली. आठ दिवसांनी तो पैसे घेऊन येणार होता.

आता तो ठोका कशाचा असतो ते पाहा. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड यांच्या मधे बेअरिंगच्या दोन अर्धगोल वाट्या असतात. त्यांत तेलाचा पातळ थर राहतो, म्हणून धातू धातूला लागत नाही. तेलाचा पंप इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. त्यामुळे स्लोवर तेलाचा दाब सगळ्यात कमी, आणि त्यात तापून पातळ झालेले तेल. वाटी झिजलेली असेल तर ती याच वेळी बोलते. जाड तेल त्या फटीत काही काळ गादीसारखे बसते, पण फट तशीच राहते आणि वाढत जाते. मग एखाद्या दिवशी भरल्या गाडीत बेअरिंग जाम होते, नाहीतर रॉड तुटून ब्लॉक फोडतो. उतारावर इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही जाते.

आपण म्हणाल, पारखून घेणे हे घेणाऱ्याचे काम आहे. मीही मनाला हेच सांगत होतो. ठोका तसाच राहू दिला असता आणि मी गप्प बसलो असतो, तर या म्हणण्यात थोडे तरी तथ्य होते. त्याने कान दिला असता तर त्याला ऐकू आले असते. पण मी नुसता गप्प बसलो नव्हतो. खरे बोलणाऱ्या इंजिनाचे तोंड दाबले होते. त्या पोराने पारख केली होती. ती खोटी ठरावी, अशी व्यवस्था मी आधीच करून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी जीप मिस्त्रींकडे नेली आणि काय केले ते सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “आधी नेहमीचे तेल भरू. तिला बोलू द्या.”

त्यांनी लगेच इंजिन खोलले नाही. स्वस्तातले दोष आधी तपासले. इंजिनाची फाउंडेशन हलवून पाहिली, अल्टरनेटरचा ब्रॅकेट, पुली, नट-बोल्ट पाहिले. मग ठोक्याचा ताल ऐकला. टॅपेटचा आवाज हलका, टकटक असा, आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येतो. पिस्टनचा आवाज थंड इंजिनात येतो आणि तापल्यावर बहुधा कमी होतो. आमचा ठोका थंडपणी गप्प, तापल्यावर जड. दाबाचे मीटर लावले, तर स्लोवर काटा फारच खाली. मग चारही सिलिंडरच्या नॉझलच्या पाइपचे नट एकेक करून सैल केले. तिसऱ्याचे डिझेल तोडताच ठोका मंदावला. नॉझलच बिघडलेला असला तरी असे होते, म्हणून तिसरा नॉझल दुसऱ्या जागी बसवून पाहिला. ठोका जागचा हलला नाही. मगच चेंबर उतरवला. तिसऱ्या रॉडच्या वाट्या झिजून आतला तांबूस थर दिसत होता. क्रँक घासून, त्या मापाच्या नव्या वाट्या सगळ्याच रॉडना बसवल्या.

तरुण आला तेव्हा त्या जुन्या वाट्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि जाड तेलासकट सगळे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “काका, आता ठरलेली किंमत नाही देणार.” मी कमी केली. दुरुस्तीचा खर्च गेला तो वेगळा. खरे सांगितल्यावर लोक वाखाणतात असे मी आपल्याला सांगणार नाही. त्याचा माझ्यावरचा विश्वास त्या दिवशी कमीच झाला, आणि तो कमी व्हावा हेच रास्त होते.

माउली, जाड तेल फक्त गॅरेजात मिळते असे नाही. घरातली सून काही सांगू लागली की “सणाच्या दिवशी नको” म्हणणे, हिशेब विचारणाऱ्याला मानाचा नारळ देऊन खाली बसवणे, हीही तीच भरणी. ठोका बंद होतो, फट उरते, आणि घाटात कोणीतरी दुसराच सापडतो.

आणि ठोका ऐकताच सगळे इंजिन खोलायला धावणे, हाही उपाय नव्हे. कदाचित एखादा बोल्टच सैल असेल. आधी तिला बोलू द्यावे, कुठून येते ते शोधावे, मग पाना हाती घ्यावा.

आपल्या घरात हल्ली फार शांतता असेल, तर आत कोणते तेल भरले आहे, एकदा पाहून घ्या.

रामकृष्ण हरी.