दुर्मिळ कुणाच्या हिशेबात?

नाकाच्या छतापाशी, जिथे वास ओळखणारे मज्जातंतू असतात, त्या अस्तरातून एक कर्करोग उगवतो. नाव एस्थेशिओन्यूरोब्लास्टोमा. आधी नाक चोंदतं, कधी रक्त येतं. परभणी जिल्ह्यातल्या सेलूतला माणूस सर्दी समजून थेंब टाकत राहतो आणि गाठ वरच्या पातळ हाडातून मेंदूकडे सरकते. दहा लाखांत वर्षाला एकालाही न होणारा हा आजार. 2011 च्या जनगणनेत परभणी जिल्ह्यात 18 लाख 36 हजार माणसं होती. म्हणजे सबंध जिल्ह्यात वर्षाकाठी एखादा पेशंट, तोही निघाला तर. सेलूच्या डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात असा रोगी पाहिला नसेल, तर तो त्यांचा दोष नाही.

बोस्टनच्या डॉक्टरांनीही फार पाहिले नव्हते. 1976 मध्ये कॅडिश आणि सहकाऱ्यांनी या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या त्या अवघ्या 17 पेशंटांवरून, आणि त्या पायऱ्या अजून जगभर वापरात आहेत. पुढे अशा गाठींसाठी कवटीच्या तळाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या नोंदी वेगवेगळ्या देशांतल्या 17 संस्थांनी एकत्र केल्या. 2003 साली हिशेब मांडला तेव्हा 1307 जण भरले. ऑपरेशननंतर शंभरातले जवळपास पाच दगावतात, पाच वर्षांनी निम्म्याहून थोडे अधिक हयात असतात, असं घरच्यांना सांगण्याजोगं उत्तर तेव्हा कुठे मिळालं. नाकातल्या या गाठीचे त्यांत किती? 151. इतके जमवायलाही अनेक देश लागले.

सहकार्य म्हटलं की आपल्याला करार आणि परिषदा आठवतात. माझ्या मते ते बायोप्सीच्या दिवशी सुरू होतं. गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक जपला का, त्यावरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतो का, देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला निघालेल्या नातेवाइकांच्या पिशवीत तो ब्लॉक आहे का, आणि दोन वर्षांनी त्या पेशंटचं काय झालं हे कुणी विचारलं का. यातलं एक सुटलं की तो माणूस जगातल्या कुठल्याच आकड्यात उरत नाही. हे खेड्यात जमतं. बार्शीला 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. कर्मचारी गावोगाव फिरून माहिती घेतात, आणि तिच्या टापूत मराठवाड्यातले परांडा-भूमही येतात.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. तंबाखूची गोळी जिथे धरतात, त्या गाल-हिरडीच्या कोपऱ्यातला कर्करोग आपल्याकडे गल्लोगल्ली. पाश्चात्त्य देशांत मात्र विरळा. तिथल्या प्रयोगशाळांनी आधी त्यांच्याकडच्या गाठींची जनुकं वाचली, यात नवल नाही. 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम संघ उभा राहिला आणि देशांनी कर्करोग वाटून घेतले, तेव्हा भारताने हाच निवडला. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जीनोमिक्स संस्था आणि मुंबईचं टाटा कर्करोग रुग्णालय यांनी 2013 मध्ये त्यातली जनुकं मांडली. आपण बोललो नसतो तर ती पाटी कोरीच राहिली असती.

प्रश्न आपले असले की उत्तरंही जगाच्या कामी येतात. तोंडाच्या कर्करोगात मानेच्या गाठी आधीच काढाव्या की वाढल्यावर, हा वाद टाटाच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चाचणीने 2015 मध्ये मिटवला: आधी काढलेल्यांत तीन वर्षांनी 80 टक्के हयात, थांबलेल्यांत 67.5. नंतर त्याच रुग्णालयाने निवोलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, 20 मिलिग्रॅम, इतर औषधांच्या जोडीला देऊन पाहिलं. डोके-मानेच्या पुढे गेलेल्या किंवा पुन्हा उलटलेल्या कर्करोगात वर्षभर जगणारे 16 टक्क्यांवरून 43 वर गेले. परदेशी कंपनीला हा प्रश्न सुचला नसता. तिला कमी औषध विकायचं नव्हतं.

म्हणून सेलूतल्या कुणाचा ब्लॉक उद्या परदेशी संशोधनात जाणार असेल, तर करारातच लिहून घ्यावं: त्यातून निघालेलं औषध छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, तिथल्या पेशंटला झेपेल अशा दरात मिळालं पाहिजे.